जर्मन बोलणाऱ्यांनी घडवलेलं चेक राष्ट्र

1786 च्या सुमाराला प्रागमधल्या एखाद्या खात्यापित्या घरात गेलात, तर दिवाणखान्यात जर्मन ऐकू आलं असतं. चेक ऐकायला स्वयंपाकघरात नाहीतर तबेल्यात जावं लागलं असतं. कचेरीत अर्ज करायचा तर जर्मन, विद्यापीठात शिकायचं तर जर्मन. शहरातलं मोठं नाट्यगृह इटालियन ऑपेरा आणि जर्मन नाटकांचं. पुढच्याच वर्षी तिथे मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’चा पहिला प्रयोग झाला. खेड्यातला एखादा हुशार मुलगा शिकला, चार पैसे मिळवू लागला, की तो जर्मन बोलू लागे आणि त्याच्या मुलांना चेक जेमतेम समजे. यात कुणाला फारसं वावगं वाटत नव्हतं.

शंभर वर्षांनी याच शहरात चेक विद्यापीठ होतं, चेक दैनिकं होती, चेक ऑपेरा होता आणि व्ल्तावा नदीच्या काठावर लोकवर्गणीतून उभं राहिलेलं राष्ट्रीय नाट्यगृह होतं. मधल्या काळात जे घडलं त्याला ‘चेक राष्ट्रीय पुनरुज्जीवन’ म्हणतात. साधारण 1780 ते 1848 हा त्याचा मुख्य काळ. हे घडवणाऱ्यांना चेक परंपरेत ‘बुदितेले’, म्हणजे जागं करणारे, म्हणतात. झोपलेलं राष्ट्र काही थोर माणसांनी हलवून उठवलं, अशी ही गोष्ट शाळेत सांगितली जाते. मला ती अर्धीच खरी वाटते. या माणसांनी पुष्कळ गोष्टी जाग्या केल्या नाहीत, नव्याने बनवल्या: शब्द बनवले, व्याकरणाचे नियम ठरवले, आणि एका प्रकरणात तर सरळसरळ इतिहासच बनवला. गंमत म्हणजे बनवणाऱ्यांपैकी कित्येकांची लिहिण्याची सवयीची भाषा जर्मन होती.

आधी मागचा संदर्भ थोडक्यात. बोहेमिया हे हाब्सबुर्ग घराण्याच्या ताब्यातलं राज्य. तिथल्या प्रॉटेस्टंट सरदारांनी बादशहाविरुद्ध बंड केलं आणि 8 नोव्हेंबर 1620 रोजी प्रागच्या वेशीवरच्या बिला होरा, म्हणजे ‘पांढरी टेकडी’, इथे ते हरले. पुढच्या जूनमध्ये सत्तावीस पुढाऱ्यांना प्रागच्या जुन्या चौकात देहदंड झाला. 1627 च्या नव्या कायद्याने कॅथलिक पंथ हा एकमेव अधिकृत धर्म ठरला आणि जर्मनला चेकच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. शिकलेल्या प्रॉटेस्टंटांनी देश सोडला. शिक्षणतज्ज्ञ यान आमोस कोमेन्स्की त्यांपैकीच एक. ते परदेशातच वारले.

पुढच्या दीडशे वर्षांना नंतरच्या चेक लेखकांनी ‘अंधार’ म्हटलं. ते जरा जास्तच झालं. या काळातही चेकमध्ये स्तोत्रं, प्रवचनं, पंचांगं, संतचरित्रं छापली जात होती आणि खेड्यापाड्यांतले लाखो लोक तीच भाषा बोलत होते. भाषा मेली नव्हती, तिची उतरंड झाली होती. तत्त्वज्ञान, विज्ञान, कायदा, उच्च साहित्य यांसाठी ती कुणी वापरेना, आणि वापर नसल्यामुळे त्या विषयांचे शब्दही तिच्यात राहिले नाहीत.

मग बदल सुरू कशाने झाला? याचं उत्तर विचित्र आहे. तो व्हिएन्नाच्या बादशहांनी सुरू केला, आणि तोही नकळत. मारिया थेरेसा यांनी 1774 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्यांचे चिरंजीव दुसरे योसेफ यांनी 1781 मध्ये भूदासत्व संपवलं. शेतकऱ्याला जमीनदाराची परवानगी न मागता गाव सोडता येऊ लागलं, मुलाला धंद्याला लावता येऊ लागलं. त्याच वर्षी प्रॉटेस्टंटांना उपासनेची मुभा मिळाली. म्हणजे चेक बोलणारी, अक्षरओळख असलेली माणसं शहरांकडे सरकू लागली. पण याच योसेफना सगळं साम्राज्य एका भाषेत चालवायचं होतं, म्हणून 1784 पासून त्यांनी वरच्या शिक्षणात आणि कारभारात जर्मन आणली. चेक बोलणारा नवा शिकलेला वर्ग तयार होत होता आणि त्याच वेळी त्याच्यासाठी वरची दारं जर्मन होत होती. बोहेमियाच्या सरदारांनाही व्हिएन्नाची ही ढवळाढवळ आवडली नव्हती. त्यांना चेक भाषेचं प्रेम होतं असं नाही, घरी ते जर्मन किंवा फ्रेंचच बोलत. पण आपल्या राज्याच्या जुन्या हक्कांची आठवण करून द्यायला जुना इतिहास आणि जुनी भाषा सोयीची होती. म्हणून विद्वानांना त्यांनी आश्रय दिला. 1818 मध्ये स्थापन झालेलं संग्रहालय, म्हणजे आजचं प्रागचं राष्ट्रीय संग्रहालय, काउंट श्टेर्नबेर्क यांच्यासारख्या सरदारांनीच उभं केलं.

या आश्रयावर जगलेल्या विद्वानांत सर्वांत मोठे योसेफ दोब्रोव्स्की (1753–1829). जन्म हंगेरीत, कॅथलिक धर्मगुरू, बुद्धीने अत्यंत चिकित्सक. चेक भाषेच्या आणि साहित्याच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक 1792 मध्ये आलं, सविस्तर व्याकरण 1809 मध्ये, आणि दोन्ही जर्मनमध्ये. जुन्या स्लाव भाषेवरचं 1822 चं पुस्तक लॅटिनमध्ये. चेक पुन्हा ज्ञानभाषा होईल यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. एका सुंदर पण वापरातून गेलेल्या गोष्टीची नीट नोंद करून ठेवावी, अशा वृत्तीने ते काम करत होते.

पण व्याकरण लिहायचं तर कुठल्या चेकचं, हा निर्णय घ्यावाच लागतो. दोब्रोव्स्कींसमोर रस्त्यावर बोलली जाणारी चेक होती, ती त्यांना विस्कळीत वाटली. त्यांनी सोळाव्या शतकाकडे पाहिलं. 1579 पासून छापलेल्या सहा खंडांच्या क्रालित्से बायबलची भाषा त्यांनी आदर्श मानली. हे बायबल प्रॉटेस्टंट पंथीयांचं, आणि ते प्रमाण मानणारा कॅथलिक पाद्री! धर्मापेक्षा त्यांनी गद्याची कसदारता पाहिली.

या एका निर्णयाचा परिणाम दोनशे वर्षांनीही टिकून आहे. दोब्रोव्स्कींनी जी भाषा गोठवली तिच्यापासून बोलली जाणारी चेक तोवर बरीच पुढे गेली होती. पुस्तकात ‘मोठा’ म्हणजे ‘वेल्की’, प्रागच्या तोंडी ‘वेल्केय’. खिडकी पुस्तकात ‘ओक्नो’, तोंडी ‘वोक्नो’. दूध पुस्तकात ‘म्लेको’, घरात ‘म्लीको’. प्रमाण आणि बोली असा फरक सगळ्याच भाषांत असतो, पण इथे तो इतका रुंद आहे की प्रागचा माणूस मित्राशी एका चेकमध्ये बोलतो आणि अर्ज दुसऱ्या चेकमध्ये लिहितो. बोहेमियात हे सुशिक्षितांनाही चुकत नाही. मुलं शाळेत पुस्तकी रूपं नव्याने शिकतात, आणि दूरदर्शनच्या मुलाखतीत कुणी कुठलं रूप वापरलं यावर अजून वाद होतात.

दोब्रोव्स्कींच्या पुढच्या पिढीत योसेफ युंगमन (1773–1847) आले आणि सूर पालटला. युंगमन हे हुदलित्से नावाच्या खेड्यातले, पेशाने शाळामास्तर. आधी लितोम्येर्झित्सेला आणि 1815 पासून प्रागला. त्यांचं म्हणणं ठाम होतं: भाषा हेच राष्ट्र, भाषा गेली की राष्ट्र गेलं. चेक भाषेवरचे त्यांचे दोन संवाद 1806 मध्ये ‘ह्लासातेल’ या नियतकालिकात आले. पहिल्यात सोळाव्या शतकातला नामांकित प्रकाशक वेलेस्लावीन परलोकात आहे. तिथे त्याला एक जर्मन भेटतो आणि नुकताच वर आलेला एक चेक. या नव्या चेकची जर्मनमिश्रित भाषा वेलेस्लावीनला धड समजतच नाही. विनोद बोचरा आहे, आणि कार्यक्रमही त्यातच सांगून टाकलेला आहे.

युंगमन टीका करून थांबले नाहीत. चेकमध्ये महाकाव्य पेलतं हे दाखवायला त्यांनी मिल्टनचं ‘पॅरडाइझ लॉस्ट’ 1811 मध्ये चेकमध्ये आणलं. त्यासाठी लागणारे शब्द चेकमध्ये नव्हते. मग जुन्या ग्रंथांतून शब्द उकरले, पोलिश आणि रशियनमधून उचलले, काही स्वतः घडवले. हवेला आज चेक माणूस ‘व्झ्दुख’ म्हणतो आणि निसर्गाला ‘प्रीरोदा’; हे दोन्ही शब्द याच काळात रशियनवरून आले. आज ते परके आहेत हे तिथे सांगूनही खरं वाटत नाही. 1834 ते 1839 या काळात युंगमनचा पाच खंडांचा चेक-जर्मन शब्दकोश छापून झाला. सुमारे 1,20,000 शब्द. त्यात लोक वापरत होते ते शब्द आहेत आणि लोकांनी वापरावेत असे युंगमनना वाटत होते तेही आहेत. दोन्ही शेजारी शेजारी, सारख्याच टायपात. कोशाने अशी लबाडी करावी का, हा प्रश्न मी इथे सोडून देतो. लबाडी यशस्वी झाली एवढं खरं.

विज्ञानाची बाजू यान स्वातोप्लुक प्रेस्ल या निसर्गशास्त्रज्ञाने उचलली. त्याने मूलद्रव्यांना चेक नावं दिली आणि त्यासाठी ‘-ईक’ हा एकच प्रत्यय पक्का केला. पाण्याला ‘व्होदा’, म्हणून हायड्रोजन ‘व्होदीक’. आंबट म्हणजे ‘किसेली’, म्हणून ऑक्सिजन ‘किस्लीक’. ॲल्युमिनियम ‘ह्लिनीक’. ही आजही शाळेत आहेत. हाडावरून फॉस्फरसला दिलेलं ‘कोस्तीक’ आणि सैतानावरून कोबाल्टला दिलेलं ‘द्यासीक’ मात्र लोकांनी नाकारली. कांगारूचं ‘क्लोकान’ हे नावही प्रेस्लचंच, आणि ते टिकलं. प्रेस्लने 1821 मध्ये ‘क्रोक’ हे शास्त्रीय नियतकालिक काढलं. त्यात युंगमनचे धाकटे भाऊ अंतोनीन, जे पेशाने प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांनी चक्क संस्कृत भाषेवर लिहिलं. स्लाव भाषा आणि संस्कृत यांचं नातं या मंडळींना फार भावलं होतं. जर्मनपेक्षा आपलं घराणं जुनं, हे सुचवायला ते बरं पडत असे.

नवे शब्द नेहमीच असे यशस्वी झाले नाहीत. आधीच्या पिढीतले यान व्हात्स्लाव्ह पोल यांनी खुद्द योसेफ बादशहाला चेक शिकवलं होतं. पण त्यांनी घडवलेले शब्द इतके अवघड आणि ओढूनताणून आणलेले होते की दोब्रोव्स्कींनी त्यांची रेवडी उडवली. फरक कुठे पडला? युंगमन आणि प्रेस्ल यांनी भाषेची घडण पाळली. बहुतेक शब्द ऐकताच अर्थ लागायचा. शिवाय त्यांच्या मागे शाळा, नियतकालिकं आणि विद्यार्थ्यांची फळी होती. शब्द कितीही सुबक असला तरी तो कुणीतरी रोज उच्चारावा लागतो.

शुद्धलेखनावरूनही रण माजलं. ‘स’, ‘झ’, ‘त्स’ या अक्षरांनंतर कुठला ‘इ’ लिहायचा, साधा की ‘वाय’सारखा दिसणारा, यावर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रागच्या विद्वानांत दोन तट पडले आणि मैत्र्या तुटल्या. पहिली वेलांटी की दुसरी यावर हमरीतुमरीला येणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता या साऱ्यातलं सर्वांत रंगतदार प्रकरण. सप्टेंबर 1817 मध्ये व्हात्स्लाव्ह हांका या पंचविशीतल्या तरुणाने द्वूर क्रालोवे गावच्या चर्चच्या बुरुजात एक जुनं हस्तलिखित सापडल्याचं जाहीर केलं. लहानशी चर्मपत्रं, त्यावर तेराव्या शतकातली म्हणून वीरगाथा आणि प्रेमगीतं. तातार, सॅक्सन अशा शत्रूंना पाणी पाजणारे चेक वीर त्यात होते. पुढच्याच वर्षी संग्रहालयासाठी म्हणून दुसरं हस्तलिखित निनावी टपालाने आलं. हे ज़ेलेना होराचं. ते आणखी जुनं, नवव्या-दहाव्या शतकातलं असल्याचा दावा. त्यात राजकन्या लिबुशे न्यायनिवाडा करते, लेखी कायद्याच्या पाट्या समोर असतात, आणि न्याय जर्मनांकडे मागायची आपल्याला लाज वाटली पाहिजे असंही सुनावलं जातं.

हे किती सोयीचं होतं पाहा. जर्मनांकडे ‘निबेलुंग’चं महाकाव्य होतं, रशियनांकडे ‘इगोर’ची गाथा. चेकांकडे तसं काही नव्हतं, आणि नेमकं तेच सापडलं. गोएटेने त्यातलं एक गीत आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिलं. युरोपातल्या अनेक भाषांत अनुवाद झाले. चित्रकारांनी चित्रं काढली, संगीतकारांनी चाली दिल्या, आईबापांनी पोरांना त्यातल्या वीरांची नावं ठेवली.

म्हातारे दोब्रोव्स्की मात्र अडून बसले. पहिलं हस्तलिखित त्यांनी स्वीकारलं होतं, पण दुसरं पाहताच त्यांना वास आला आणि 1824 मध्ये त्यांनी ते बनावट असल्याचं उघड लिहिलं. हांका त्यांचाच शिष्य. गुरूच्या पुस्तकातून जुनी चेक शिकून शिष्याने ती कविता रचायला वापरली असावी, हे ओळखायला दोब्रोव्स्कींइतका योग्य माणूस दुसरा नव्हता. पण त्यांचं ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. त्यांनाच जर्मनधार्जिणे ठरवण्यात आलं. हांका संग्रहालयाचा ग्रंथपाल झाला. 1858 मध्ये प्रागच्या एका जर्मन वृत्तपत्राने त्याला लबाड म्हटलं, तेव्हा त्याने संपादकावर खटला भरला आणि तो जिंकलाही. 1861 मध्ये तो वारला तेव्हा प्रागमध्ये प्रचंड अंत्ययात्रा निघाली. व्हिशेह्राद इथल्या त्याच्या समाधीवर वाक्य कोरलं आहे: भाषा जिवंत आहे तोवर राष्ट्रं विझत नाहीत.

खोट्या कागदावर खरी संस्कृती उभी राहू शकते का? इथे ती राहिली, असंच म्हणावं लागतं. त्या हस्तलिखितांतून स्फूर्ती घेतलेल्या कितीतरी कलाकृती अस्सल आहेत. शिवाय बनावट कविता म्हणूनही त्या वाईट नाहीत; आपल्या नावाने छापल्या असत्या तर हांका आणि त्याचा कवी-मित्र लिंडा यांना बरे कवी म्हणून मान मिळाला असता.

विद्वानांची ही सगळी उठाठेव किती लोकांपर्यंत पोहोचत होती? सुरुवातीला फारच थोड्या. प्रागमधल्या एका खोलीत जमलेल्या देशभक्तांपैकी कुणीतरी म्हणालं, की आता हे छत कोसळलं तर चेक राष्ट्र संपलं, अशी एक आख्यायिका सांगतात. चेक इतिहासकार मिरोस्लाव्ह ह्रोख यांनी लहान राष्ट्रांच्या अशा चळवळींचे तीन टप्पे मांडले आहेत: आधी मूठभर अभ्यासक, मग प्रचारक, आणि शेवटी सामान्य जनता. बोहेमियातल्या दुसऱ्या टप्प्यातली माणसं मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतात, कारण त्यांना गिऱ्हाईक ओळखता येत होतं.

क्रामेरियस यांनी 1789 पासून चेक वृत्तपत्र चालवलं आणि ‘चेस्का एक्स्पेदित्से’ या आपल्या प्रकाशनातून खेड्यातल्या माणसाला परवडतील अशी पुस्तकं विकली. घोडेबाजारात, म्हणजे आजच्या व्हात्स्लाव्ह चौकात, 1786 मध्ये लाकडी फळ्यांचं ‘बौदा’ नावाचं नाट्यगृह उभं राहिलं. ते तीनच वर्षं टिकलं, पण तिथे चेक नाटकांना गर्दी होत असे. आणि माग्दालेना दोब्रोमिला रेत्तिगोव्हा या बाईंनी 1826 मध्ये चेकमध्ये पाककृतींचं पुस्तक काढलं. बाई जर्मन वातावरणात वाढलेल्या. चेककडे वळल्या त्या लग्नानंतर, नवऱ्यामुळे. त्यांचं पुस्तक घरोघर गेलं, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. मध्यमवर्गीय बायकांनी चेक वाचायला घेतलं ते मिल्टनसाठी नव्हे, बदकाच्या रश्श्यासाठी. मुलींना जमवून स्वयंपाक शिकवता शिकवता बाई त्यांना चेक पुस्तकंही वाचायला देत.

त्यांच्या नावातलं ‘दोब्रोमिला’ हे मुद्दाम घेतलेलं. तशी स्लाव नावं घेण्याची तेव्हा टूम होती. 1840 पासून प्रागमध्ये चेक नृत्यसमारंभ होऊ लागले, तिथे नाचताना जर्मन बोलायचं नाही असा संकेत होता. अनेकांची फारच त्रेधा उडत असणार.

1834 च्या डिसेंबरमध्ये योसेफ कायेतान तिल यांचं ‘फिद्लोवाच्का’ हे नाटक आलं आणि पडलं. त्यातलं एका आंधळ्या वादकाच्या तोंडचं गाणं तेवढं उरलं: ‘क्दे दोमोव्ह मूय’, माझं घर कुठे आहे. चाल फ्रांतिशेक श्क्रौप यांची. हेच आज चेक प्रजासत्ताकाचं राष्ट्रगीत आहे. त्यात ना तलवार, ना शत्रू; कुरणांतून खळाळणारं पाणी आणि बहरलेल्या बागा आहेत.

चळवळ मोठी होऊ लागली की तिला न मानणारे प्रतिभावंतही सापडतात. कारेल हिनेक माखाने 1836 मध्ये ‘माय’ हे दीर्घकाव्य स्वखर्चाने छापलं. वसंत, तळं, आणि देहदंडाच्या आदल्या रात्री तुरुंगात मृत्यूच्या पलीकडच्या शून्याचा विचार करणारा एक दरोडेखोर. देशभक्त समीक्षक नाराज झाले: हे कसलं काव्य, याने राष्ट्राचं काय भलं होणार? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, सव्वीस पुरी व्हायच्या आत, माखा वारला. ज्या दिवशी त्याचं लग्न ठरलं होतं त्या दिवशी त्याचं दफन झालं. आज आधुनिक चेक कवितेची सुरुवात बहुतेक जण त्याच्यापासून मानतात, आणि दर एक मेला प्रागच्या टेकडीवर त्याच्या पुतळ्यापाशी प्रेमिकांची रांग लागते. त्याला नावं ठेवणाऱ्या समीक्षकांचं लेखन आता पदवीचे विद्यार्थी नाइलाजाने वाचतात.

दुसरे कारेल हाव्लीचेक बोरोव्स्की, पत्रकार. स्लाव बंधुभावाच्या ओढीने ते रशियाला गेले आणि तिथला झारशाहीचा अंमल पाहून निव्वळ चेक होऊन परतले. 1845 मध्ये त्यांनी तिल यांच्या देशभक्तिपर कादंबरीची खिल्ली उडवली: सतत राष्ट्रासाठी उसासे टाकणारं लेखन आता पुरे, जरा चांगलं लिहा. सेन्सॉर कडक होता, म्हणून ते आयर्लंड आणि इंग्लंडच्या भांडणाच्या बातम्या तपशीलवार छापत. वाचकाला आयर्लंडच्या जागी बोहेमिया वाचायचं असतं हे कळत होतं. 1851 मध्ये त्यांना आल्प्समधल्या ब्रिक्सेनला हद्दपार करण्यात आलं आणि परतल्यावर पुढच्याच वर्षी ते वारले. बोझेना न्येम्त्सोव्हा यांची ‘बाबिच्का’ (आजी) ही कादंबरी 1855 ची. नवरा देशभक्त म्हणून सरकारी नोकरीत छळला गेलेला, घरात दारिद्र्य, पाळतीवर पोलीस, थोरला मुलगा नुकताच गेलेला. त्यातून खेड्यातल्या एका शांत, शहाण्या म्हातारीचं हे पुस्तक निघालं. ज्या भाषेला विद्वान शब्द पुरवत होते, ती न्येम्त्सोव्हा यांच्या वाक्यांत सहज बोलू लागली.

राजकारणाची बाजू फ्रांतिशेक पालात्स्की यांच्याकडे जाते. त्यांनी बोहेमियाचा इतिहास लिहिला. पहिला खंड 1836 मध्ये जर्मनमध्ये, आणि 1848 पासून चेकमध्ये, ‘बोहेमिया आणि मोराव्हियातल्या चेक राष्ट्राचा इतिहास’ या नावाने. शीर्षकातला बदल महत्त्वाचा: आधीचा इतिहास एका भूमीचा होता, आता तो एका राष्ट्राचा झाला. एप्रिल 1848 मध्ये फ्रँकफुर्टच्या जर्मन संसदेची तयारी करणाऱ्या समितीने त्यांना बोलावलं, तेव्हा त्यांनी कळवलं की मी स्लाव वंशाचा बोहेमियन आहे, तुमच्या सभेत माझं काम नाही. त्याच पत्रात, ऑस्ट्रियाचं साम्राज्य नसतं तर ते निर्माण करावं लागलं असतं, असंही ते म्हणाले. लहान राष्ट्रांना रशिया आणि जर्मनी यांच्यामध्ये छत्र हवं होतं.

दुसरा रस्ताही होता. गणिती आणि तत्त्वज्ञ बर्नार्ड बोल्झानो प्रागच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांना सांगत, की बोहेमियात दोन भाषा आहेत पण लोक एकच; एकमेकांची भाषा शिका. 1819 च्या अखेरीस बादशहाने त्यांना नोकरीवरून काढलं, त्यांच्या इतर मतांसाठी. पण सरकारने त्यांना राहू दिलं असतं तरी युंगमनची ‘भाषा म्हणजे राष्ट्र’ ही मांडणी तरुणांना अधिक पटली असती असं वाटतं. ती सोपी होती. आणि ती लगेच उलटलीही. चेकमध्ये लिहिणारा कवी कोल्लार स्लोव्हाक होता. चेक आणि स्लोव्हाक यांची एकच लिखित भाषा असावी असं त्याला वाटे. पण 1843 मध्ये ल्युदोवित श्टूर यांनी स्लोव्हाक ही वेगळी लेखी भाषा ठरवली आणि प्रागचे विद्वान दुखावले. ‘आमची भाषा वेगळी’ हे म्हणायला त्यांनीच तर शिकवलं होतं. बोहेमियात दर तिघांतला एक जर्मन बोलणारा होता. त्याच्या वाट्याला या मांडणीत पाहुण्याची जागा आली, आणि 1945 नंतर तीही राहिली नाही. चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनांना घालवून देण्यात आलं.

तिसरा टप्पा 1860 नंतरचा. ‘सोकोल’ ही व्यायामसंघटना 1862 मध्ये निघाली. तिचे संस्थापक मिरोस्लाव्ह तिर्श जन्मले तेव्हा त्यांचं नाव फ्रीडरिख टिर्श होतं. राष्ट्रीय नाट्यगृहाची पायाभरणी 16 मे 1868 रोजी झाली, देशभरच्या पवित्र डोंगरांवरून आणलेल्या दगडांनी. 11 जून 1881 ला ते बेद्रिख स्मेताना यांच्या ‘लिबुशे’ या ऑपेराने उघडलं. स्मेतानांचं शिक्षण जर्मनमध्ये झालं होतं. चेक लिहायला ते तिशी उलटल्यावर नेटाने शिकले आणि व्याकरणाच्या चुका करत राहिले. या ‘लिबुशे’चा मजकूर मूळ जर्मनमध्ये लिहून मग चेक करून घेतलेला होता. दोन महिन्यांनी, 12 ऑगस्टला, इमारतीला आग लागली. लोकांनी पुन्हा खिसे रिकामे केले; दीड महिन्यात सुमारे दहा लाख गुल्डन जमले आणि नोव्हेंबर 1883 मध्ये ते पुन्हा उघडलं. रंगमंचाच्या माथ्यावर लिहिलेलं आहे: ‘नारोद सोब्ये’, राष्ट्राने स्वतःसाठी. मध्ये 1882 मध्ये प्रागच्या विद्यापीठाची चेक आणि जर्मन अशी वाटणी झाली होती.

सगळं मिळालं आणि मग 1886 साल आलं. भाषाशास्त्रज्ञ यान गेबाउएर यांनी ‘आतेनेउम’ या नियतकालिकात त्या दोन हस्तलिखितांचं व्याकरण तपासून दाखवलं: त्यातली कित्येक रूपं खऱ्या जुन्या चेकमध्ये कधी नव्हतीच. संपादक होते चेक विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक तोमाश मासारिक. खोट्यावर अभिमान उभारायचा नाही, ही त्यांची भूमिका. वृत्तपत्रांनी त्यांना देशद्रोही म्हटलं. हेच मासारिक 1918 मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, पण 1886 मध्ये त्यांची नोकरी टिकेल की नाही अशी अवस्था होती.

त्याच वर्षी 20 डिसेंबरला ‘चास’ या नव्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात ह्युबर्ट गॉर्डन शाउएर या तरुणाने आणखी पुढचं विचारलं. एवढ्या लहान राष्ट्राने वेगळी संस्कृती उभारण्यात शंभर वर्षं शक्ती घालवली. ती तितक्या मोलाची आहे का? शेजारच्या मोठ्या जर्मन संस्कृतीत मिसळून माणूस म्हणून आपण जास्त काही केलं असतं, असं तर नाही? लोक इतके खवळले की हा लेख खरं तर मासारिकनेच लिहिला असणार अशीही कुजबूज झाली. शाउएरचा प्रश्न तिथे आजही मधूनमधून वर येतो. 1967 च्या चेकोस्लोव्हाक लेखक परिषदेत कादंबरीकार मिलान कुंदेरा यांनी भाषणाची सुरुवात त्यानेच केली. 1786 मध्ये असा लेख कुणी लिहिला असता तर तो जर्मनमध्ये लिहिला असता. शाउएरने तो चेकमध्ये लिहिला, आणि त्याला पडलेल्या शिव्याही चेकमध्येच होत्या.